सातवा आणि आठवा रॉकर

९ सप्टेंबर

भाऊजी,

पत्र बघून दचकू नका. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे एकट्या माणसाचं जितकं ठीक असतं तितकं.

तुमचे दादा जाऊन आता वर्ष होत आलं. या काळात तुमचा एकदाही फोन नाही. मी दोन वेळा केला, तो नुसता वाजत राहिला. त्यांना पोचवायला आलात तेव्हाही तुम्ही मागे भिंतीला टेकून उभे होतात. निघालात तशी मी मागून हाक मारली, चांगली मोठ्याने मारली. तुम्ही सरळ कानाडोळा करून गेटबाहेर पडलात. माझं काय चुकलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण रुसून बसायला आता मला वेळ नाही, कारण माझं काम तुमच्याकडेच आहे.

काम म्हातारीचं आहे. म्हातारी म्हणजे गाडी, मी नव्हे. इमारतीच्या मालकाला खालची सगळी गॅरेजं वर्षअखेर रिकामी हवी आहेत. भंगारवाला येऊन बघून गेला. गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ घातली आणि म्हणाला, "बाई, ओढून नेतो." ते 'ओढून' माझ्या फार जिव्हारी लागलं. शेवटची दोन वर्षं ह्यांनी संध्याकाळच्या संध्याकाळ तिच्यापाशी घालवल्या. मी तिला सवत म्हणायची. सवत असली तरी तिला या घरातून ओढत न्यावी, असं मला वाटत नाही. ती स्वतःच्या चाकांवर गेली पाहिजे.

इंजिनाचं खालचं सगळं बसवलंय, असं हे म्हणाले होते. वरचं राहिलंय. बिस्किटांच्या तीन डब्यांत एक लांब पोकळ दांडा, चिमणीच्या चोचीसारखे आठ तुकडे, स्प्रिंगा आणि वायशर आहेत. शिवाय आठ लांब काड्या आहेत, त्या ह्यांनी पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यांत नंबराने खोचून ठेवल्यात. इथल्या एका मेकॅनिकला दाखवलं. तो म्हणाला, असल्या गाड्यांचं आता कोण करतं.

तुम्ही करता, एवढं मला माहीत आहे. तुम्ही या. नाहीतर कसं जोडायचं ते लिहा, मी जोडते. आयुष्यभर टायपिस्ट होते, मशीन उघडून साफ करायला कधी कुणाला बोलावलं नाही.

तुमची,
वहिनी


१७ सप्टेंबर

वहिनींना नमस्कार.

तुमचं काही चुकलेलं नाही. गर्दीत लक्ष गेलं नसेल.

येणं जमणार नाही. दुकानात कामाची रीघ आहे. फोनही करू नका, लेथ चालू असतो, त्या आवाजात काही समजत नाही. पत्रच बरं. लिहिलेलं तुमच्या हाताशी राहील.

आता नीट वाचा. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाची दारं. हवा-पेट्रोल आत घेणारं एक, धूर बाहेर सोडणारं एक, अशी चार सिलिंडरांना आठ. खाली कॅमशाफ्ट नावाचा उंचवट्यांचा दांडा फिरतो, तो काडी वर ढकलतो. काडी त्या चोचीला, म्हणजे रॉकरला, एका टोकाला उचलते, मग रॉकरचं दुसरं टोक खाली जाऊन व्हॉल्व्ह दाबतं. सी-सॉ असतो तसं. तो पोकळ दांडा म्हणजे रॉकरशाफ्ट. आठही रॉकर त्याच्यावर झुलतात आणि त्याच्याच पोटातून त्यांना ऑइल मिळतं.

सगळे तुकडे रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. जुन्या दात घासायच्या ब्रशने घासा. प्रत्येक रॉकरला बारीक भोक आहे, ते सुईने मोकळं करा. शाफ्टवरच्या भोकांचंही तेच. रॉकर दांड्यावर घालून बघा. फिरला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. चोचीच्या टोकावरून नख फिरवा. खड्डा लागला तर मला कळवा.

काड्या ज्या नंबराच्या भोकात आहेत त्याच नंबरावर जाणार. दादाने ते बरोबर केलंय. त्याला बाकी काही धड जमत नसे, पण वस्तू जागच्या जागी ठेवणं जमायचं.

जेवणखाण वेळेवर करत जा.

धाकटा


३० सप्टेंबर

भाऊजी,

दोन ओळींत माझी वर्षभराची तक्रार निकालात काढलीत. 'गर्दीत लक्ष गेलं नसेल.' जेमतेम वीस माणसं होती हो. असो.

सगळं घासलं. हात असे काळे झालेत की दुकानात सुटे पैसे देताना लाज वाटते. रॉकर चकचकीत झाले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर जुन्या चादरीवर मांडून ठेवलेत आणि येता-जाता बघते. एकालाही खड्डा नाही. सातव्याच्या टोकाला नखाला किंचित काहीतरी जाणवतं, पण माझं नखच वाकडं असेल.

गॅरेजमध्ये बसायला मला आवडायला लागलंय. वर घरात नको वाटतं. दोन खुर्च्या आणि एकच कप. खाली निदान काम असतं. लेकीचा फोन येतो रविवारी. "आई, इकडे ये" म्हणते, आणि लगेच तिकडे किती थंडी आहे ते सांगते. मी तिला गाडीचं सांगितलं नाही. ती म्हणेल, आईला झालंय काय.

तुम्ही तिकडे जेवता कुठे? अजून त्याच कोपऱ्यावरच्या खाणावळीत? दुकानातला तुमचा तो जाडा कारागीर आहे ना अजून?

आता पुढचं सांगा.

वहिनी


७ ऑक्टोबर

वहिनींना नमस्कार.

कारागीर आहे. बरा आहे. खाणावळही तीच.

सातव्याचं टोक तेलाच्या दगडावर हलक्या हाताने घासा. गोलाई बिघडवू नका.

जोडणी. इथे घाई करायची नाही. कोरडं काहीही कशावरही बसवायचं नाही, हे पहिलं आणि शेवटचं. शाफ्ट, रॉकर, काड्यांची दोन्ही टोकं, स्प्रिंगांचे माथे, सगळ्याला दाट ऑइल फासा. काड्यांच्या खालच्या टोकाला ते काळं मलम लावा, दादाच्या फळीवर डबी असेल. इंजिन बरेच दिवस बंद आहे. पहिल्या काही क्षणांत ऑइल वरपर्यंत पोचलेलं नसतं, तेव्हा हे हाताने लावलेलंच तिला तारतं.

शाफ्टची भोकं खालच्या बाजूला आली पाहिजेत. दाब तिथे पडतो, ऑइलही तिथेच हवं. शाफ्ट ज्या ठोकळ्यांवर बसतो, त्यांतल्या ज्याच्या बुडाला भोक आहे तो पुढच्या बाजूला. त्यातून ऑइल वर चढतं आणि शाफ्टमधून मागे जातं. नट एकदम आवळू नका, प्रत्येकाला थोडं थोडं, पाळीपाळीने.

मग टॅपेटची फट, म्हणजे रॉकरचं टोक आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली. ती रॉकरवरच्या स्क्रूने कमी-जास्त होते. फट मोजायची बारा नंबरची पातळ पट्टी घ्या. हँडलने इंजिन हळूहळू फिरवा. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की पहिल्याची फट बघायची. सातवा दाबला की दुसऱ्याची. बेरीज कायम नऊ. पट्टी फटीत किती घट्ट बसावी ते लिहून कळत नाही. तुम्ही टायपिस्ट, म्हणून सांगतो: मशीनमधून कागद ओढताना रूळ जितका अडवतो, तितकंच पट्टीला अडलं पाहिजे.

चालू करण्याआधी प्लग काढून भरपूर वेळ हँडल मारा, वर रॉकरमधून ऑइल पाझरेपर्यंत. दम लागेल. थांबून थांबून मारा.

धाकटा


२१ ऑक्टोबर

भाऊजी,

झाली चालू!

हँडल मारून माझा खांदा उखळात घातल्यासारखा झाला, पण ऑइल वर आलं. पुढच्या रॉकरांमधून आलेलं माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि झाकण लावून टाकलं. वरच्या मजल्यावरचा निवृत्त पोस्टमास्तर पेट्रोलचा डबा घेऊन उभा होता, आग लागली तर पळायच्या तयारीत. बटण दाबलं, खोकली, परत खोकली आणि धरली! पोस्टमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मला काय झालं कोण जाणे, मी मागे वळून "अहो" म्हणाले. मागे फक्त भिंत होती. पोस्टमास्तर सज्जन आहेत, त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

आता दुसरं. गार असताना ती छान चालते. तापत आली की मागच्या बाजूने टिकटिक सुरू होते. आधी एक, मग दोन. आमच्या ऑफिसात नवी मुलगी यायची, एका बोटाने टाइप करायची, तसं. अक्षर शोधून टक्, अक्षर शोधून टक्. हळूहळू बोट जोरात पडायला लागतं. मी दोन-तीन दिवस तशीच चालवली, म्हटलं बसेल जागेवर. काल त्या टिकटिकीत एक किरकिरही आली. मी लगेच बंद केली.

तुम्ही येऊन नुसतं ऐकलंत तर क्षणात सांगाल. हे तुम्हाला कानसेन म्हणायचे. "आमचा कानसेन रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा कुठला व्हॉल्व्ह बोलतोय ते सांगतो," असं पाहुण्यांना सांगत. एक दिवस या ना. सकाळी आलात तर संध्याकाळी परत.

वहिनी


२८ ऑक्टोबर

वहिनींना नमस्कार.

चालू करू नका. पत्र पोचेपर्यंत केली असेल तर आता तरी करू नका.

झाकण काढा. मागचे दोन रॉकर, सातवा आणि आठवा, हात लावून बघा. बाकीचे ऑइलने निथळत असतील आणि हे दोन कोरडे असतील. तापून रंगही निळसर झाला असेल.

असं असेल तर शाफ्टच्या पोटात सहाव्याच्या पुढे काहीतरी अडकलंय. शाफ्ट काढा, टोकाचं बूच काढा आणि लांब तार घाला. तुम्ही भोकं साफ केलीत, पोट केलं नाहीत. चूक माझी. बूच काढायला मीच लिहिलं नाही.

येता येणार नाही. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या तीन गाड्या एकदम आल्या आहेत.

धाकटा


७ नोव्हेंबर

भाऊजी,

तुम्ही म्हणालात तसंच होतं. दोन्ही कोरडे, निळे पडलेले.

बूच निघेना, शेवटी पोस्टमास्तरांनी चिमट्यात धरलं आणि मी पिळलं. तारेला आकडा करून आत घातला. काहीतरी मऊ लागलं. हळूहळू ओढलं तर काळी चिंधी बाहेर आली. रॉकेलमध्ये धुतल्यावर निळी चौकड दिसली. ह्यांचा शर्ट. मीच फाडून दिला होता पुसायला. साफ करताना आत घातला असणार, अर्धा तुटून राहिला असणार आणि त्यांना पत्ताच नाही. मी गॅरेजच्या पायरीवर बसून आधी हसले. नंतरचं लिहीत नाही.

आज सकाळपासून वारा आहे. खिडकीची एक काच सैल आहे, ती थरथरते, पातळ पत्रा हलवल्यासारखा आवाज येतो. वरचे पोस्टमास्तर चालताना डावा पाय घासतात, सरर आणि टप्, सरर आणि टप्. नळाची तोटी नवी लावली, आता पाणी बंद करताना ती कबुतरासारखी घुमते. दुपारी गल्लीत दोन बायका भांडल्या. एकीचा आवाज चिरका, दुसरीचा इतका खाली की भांडतेय की समजावतेय कळेना. समोरच्या शाळेत प्रार्थना चालते तेव्हा एक मूल हमखास अर्धी ओळ मागे असतं.

चिंधी काढल्यावर ऑइल मागेपर्यंत येतं. पण सातवा-आठवा दांड्यावर डुगडुगतात. दांड्यालाही तिथे ओरखडे आहेत, नख अडकतं. फट कितीही नीट लावली तरी टिकत नाही.

तब्येतीला जपा.

वहिनी


१५ नोव्हेंबर

वहिनी,

तुम्ही आधी कधी असं लिहीत नव्हता. काच, तोटी, शाळेतलं मूल. आमच्या आईला मोतीबिंदू झाला होता तेव्हा दादा तिला रस्त्यावर काय काय दिसतंय ते असंच सांगायचा.

तुम्ही दुकानात फोन केला होतात.

कुणाची कीव मला चालत नाही. शाफ्ट नवा लागेल आणि दोन रॉकरांच्या भोकांत नवे बुश, म्हणजे आतली नळकांडी. तिकडे कुणाकडूनही करून घ्या.


१९ नोव्हेंबर

भाऊजी,

हो, केला होता. तुमचं 'चालू करू नका' वाचलं आणि मला राहवेना. इंजिन जळलं की काय, एवढंच विचारायचं होतं. कुणी भलत्यानेच उचलला. मागे कात्रीचा आवाज. मी म्हटलं, "गॅरेज ना?" तो म्हणाला, "गॅरेज? ते कधीच बंद झालं, हे सलून आहे. काका मागच्या खोलीत राहतात." मी म्हटलं, "बोलवा त्यांना." तर तो बिचारा म्हणाला, "बोलावून काय करू ताई? त्यांना अजिबात ऐकू येत नाही."

रिसीव्हर ठेवला आणि गेटाबाहेर जाणारी तुमची पाठ माझ्या डोळ्यांसमोर आली. त्या हाकेवरून मी वर्षभर मनातल्या मनात तुम्हाला काय काय बोलले असेन! लेकीलाही सांगितलं होतं, काका बदलले म्हणून.

कीव नाही हो. मला माझं वाटलं ते लिहिते. या घरात दिवसभर जे ऐकू येतं ते सांगायला मला कुणी नाही. तुम्हाला ऐकू येत नाही. म्हटलं, तुम्हाला लिहावं. यात कीव कुणाची करायची तर दोघांची करा.

इथे कुणीही बुश करून देत नाही. चार ठिकाणी विचारलं.

वहिनी


३ डिसेंबर

भाऊजी,

तुमचं पत्र नाही.

भंगारवाला काल परत आला होता. महिनाअखेरीला येतो म्हणाला. मी मान डोलावली. गाडीवर चादर घातलीय. गॅरेजमध्ये जाणं सोडलं.

बरे असलात तर नुसतं कार्ड टाका. त्यावर काही लिहू नका, पत्ता तेवढा घाला.

वहिनी


८ डिसेंबर

वहिनींना नमस्कार.

बरा आहे. राग नव्हता. काय लिहावं ते सुचत नव्हतं.

तुम्हाला सांगतो कसं झालं ते. डावा कान आधी गेला, उजवा मागोमाग. डॉक्टर म्हणाला नस सुकलीय, मशीन लावूनही उपयोग नाही. मी कुणाला बोललो नाही. गिऱ्हाइकाच्या ओठांवरून अंदाज बांधायचो. इंजिनावर हात ठेवला की बरंच कळायचं, तेवढ्यावर निभावलं. मग एका शिक्षकाची जुनी गाडी आली. वडिलांची म्हणून जीव लावायचा. इंजिन जोडून मी चालू ठेवून हिशेबाला बसलो, पाठ करून. तो शिक्षक दारातून ओरडत होता म्हणे. कारागीर जेवायला गेलेला. मी वळलो तेव्हा धूर दिसला. ऑइलची नळी सुटली होती. सगळे रॉकर शाफ्टला धरून बसले. शिक्षक मला काही बोलला नाही. म्हणजे बोलला असेल, मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. गाडी नीट करून दिली आणि शटर ओढलं. कारागिराला दुसरीकडे चिकटवून दिला.

दादाला सांगायचं होतं. त्याचा फोन आला की कारागीर मला खूण करायचा, मी घ्यायचो, आपल्याला जे बोलायचं ते बोलायचो आणि ठेवायचो. त्याला वाटलं असणार मी तुसडा झालो. तो आजारी आहे हे मला त्याच्या शेजाऱ्याच्या तारेने कळलं, तेही उशिरा. फोनवर त्याने सांगितलं असेल. मी 'बरं बरं' म्हणालो असेन.

त्या दिवशी मागे उभा होतो कारण कुणी जवळ येऊन बोललं तर काय करणार होतो.

हत्यारांची पेटी माळ्यावरून खाली काढली आहे. या गाडीचा नवा शाफ्ट माझ्याकडे पडून होता. बुश तासून घेतलेत, तुमच्याकडे बसवून आतून मापात आणावे लागतील. सोमवारी दुपारच्या बसने येतो. स्टँडवर आलात तर हाक मारू नका, ऐकू येणार नाही. समोर येऊन उभ्या राहा.

धाकटा


२२ डिसेंबर

भाऊजी,

तुम्ही गेल्यापासून गॅरेज झाडून काढलं. फरशीवर ऑइलचा डाग आहे, तो निघत नाही आणि मी फार घासतही नाही. किल्ली मालकाला दिली. भंगारवाला महिनाअखेरीआधीच आला तर रिकाम्या जागेत उभं राहून म्हणाला, "कुठे गेली?" मी म्हटलं, "गेली चालत." तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तुम्ही होतात ते दिवस मला राहून राहून आठवतात. पहिल्या दिवशी तर आपण दोघंही इतके अवघडलो होतो की मी चिठ्ठ्या लिहायची आणि तुम्ही चिठ्ठीला चिठ्ठीनेच उत्तर द्यायचात, तुम्हाला चांगलं बोलता येत असून. बुश घासताना तुमचे डोळे मिटलेले होते. दर थोड्या वेळाने शाफ्ट घालून बघायचात, नाही म्हणून मान हलवायचात, परत दोन फेरे. आणि मग गाडी चालू करून तुम्ही एका बाजूला झाकणावर तळवा ठेवून आणि मी दुसऱ्या बाजूला कान लावून. मी बोटं वर करायची, पाच, तुम्ही पाचव्याचा स्क्रू केसभर फिरवायचात. पोस्टमास्तर म्हणाले, तुम्ही दोघं मिळून एक धड मेकॅनिक आहात. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात. ह्यांच्यासारखं हसता, हे मला ठाऊक नव्हतं.

गाडी तुम्ही घेऊन जा म्हटलं तेव्हा तुम्ही चिंधीने हात पुसत बसलात. मला वाटलं नकोय. मग म्हणालात, "मागच्या अंगणात मावेल." कोपऱ्यावर वळताना तुम्ही हात बाहेर काढलात. मी गल्लीत वेड्यासारखी उभी होते. जिना चढून वर आले आणि दोन्ही कप धुतले.

पोचलो म्हणून कार्ड टाकतो म्हणाला होतात. कार्ड आलं नाही. मागून कुणी हॉर्न वाजवला तर तुम्हाला काय कळणार, म्हणून माझा जीव टांगणीला. शेवटी आज सकाळी सलूनमध्ये फोन केला. तोच होता. म्हणाला, "काका ना? आलेत परवाच. मागे गाडी चालू करून उभे आहेत. बोलवू का?" आणि स्वतःच ओशाळला. मी म्हटलं, बोलवू नका, नुसतं काय करतायत ते बघा. तो म्हणाला, "थांबा ताई." रिसीव्हर घेऊन वायर ताणत तो मागच्या दारापर्यंत गेला असावा. गिऱ्हाईक ओरडत होतं, अर्धी दाढी राहिलीय म्हणून. मग कात्री, रेडिओ, गिऱ्हाईक सगळं मागे पडलं आणि म्हातारी ऐकू आली.

तो कुजबुजला, "बॉनेट उघडून हात ठेवून उभे आहेत. तोंड जरा काळजीत दिसतंय."

भाऊजी, नुसत्या हाताने तुमची खात्री पटत नसणार, म्हणून आजच्या टपालाने लिहिते. चांगली तापल्यावरही आठही एकसारखे चालत होते. मागे टिकटिक नाही, किरकिर नाही. तुम्ही बंद करेपर्यंत मी रिसीव्हर ठेवला नाही.

वहिनी